ट्रॉलीला किल्ली नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा गाळप हंगाम तोंडावर आला की ‘ट्रॉल्या चोरणारी टोळी जेरबंद’ अशी बातमी कुठल्या ना कुठल्या जिल्हा पानावर येतेच. सोबत फोटो असतो: पोलीस ठाण्याच्या आवारात ओळीने लावलेल्या ट्रॉल्या आणि मागे उभे अधिकारी. वाचणाऱ्याला वाटते, चला, माल सापडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्याच्या धंद्यातल्या आमच्यासारख्यांची नजर मात्र त्या फोटोत चॅसीवर नंबर दिसतो का, हे शोधते. बहुतेकदा दिसत नाही. मग चोर सापडूनही त्या ओळीतली कोणती ट्रॉली कुणाची, हा घोळ सुरू होतो. चार गावांचे सहा मालक येतात, सगळे म्हणतात हीच आमची, आणि सगळ्या ट्रॉल्यांना एकाच भगव्या रंगाचा ताजा हात मारलेला असतो. म्हणून हे पत्र. कुलपाबद्दल तर लिहायचे आहेच, पण त्याहून जास्त ट्रॉलीच्या ओळखीबद्दल.

ट्रॉली चोरणे इतके सोपे का, हे आधी पाहू. मोटारसायकलला हँडल लॉक असते, ट्रॅक्टरला किल्ली असते (एकाच्या किल्लीवर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालू होतो, ते सोडा). ट्रॉलीला यातले काहीच नाही. पुढे दांडी, दांडीच्या टोकाला कडी. कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरचे मुंडके (म्हणजे ट्रॉली न जोडलेला नुसता ट्रॅक्टर) मागे घ्या, हुकात कडी धरा, वरून पिन सोडा, जॅक वर घ्या, झाले. सरावलेल्या माणसाला दोन मिनिटे पुरतात. चोरी झाल्यावरही ती चोरी आहे असे कुणाला वाटत नाही. हंगामात रात्री दोन वाजता रिकामी ट्रॉली रस्त्याने चालली असेल, तर पाहणारा म्हणतो, फडात ऊस भरायला चालली असेल. टेपवर गाणी मोठ्याने लावली की संशयाला जागाच उरत नाही. आणि हंगाम संपल्यावर याच ट्रॉल्या पाच-सहा महिने बांधाच्या कडेला, पाणंदीच्या तोंडाला, ढाब्यामागे उभ्या असतात. मालक आठवडा आठवडा तिकडे फिरकत नाही. चोरी सोमवारी झालेली असते, कळते शुक्रवारी.

रिकाम्या ट्रॉलीत टन-दीड टन लोखंड असते. भंगारात किलोला ३० रुपये धरले तरी दीड टनाचे ४५ हजार होतात, आणि न तोडता रंग बदलून विकली तर त्याच्या कितीतरी पट. चार चांगले टायर असतील तर ते निराळे विकता येतात.

आता कुलपाकडे येऊ. सर्रास दिसणारी चूक म्हणजे पिनेला कुलूप. पिनेच्या खालच्या भोकात कुलूप अडकवले की ट्रॉली बंद झाली, असे मालकाला वाटते. पण पिन ट्रॅक्टरच्या हुकाची. ट्रॅक्टर सोडून घरी नेला की ट्रॉलीची कडी मोकळीच राहते, आणि चोर स्वतःची पिन घेऊनच आलेला असतो. अडवायची आहे ती कडी. तिच्या भोकात दुसरी पिन शिरूच नये, अशी सोय हवी.

ती कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात तासाभरात होते. कडीच्या भोकाचा व्यास मोजून त्याहून २ मिमी बारीक असा भरीव गोल बार घ्यावा. त्याच्या वरच्या टोकाला १० मिमी जाडीची, कडीपेक्षा मोठी चकती वेल्ड करावी. दुसरा भाग म्हणजे उपडा डबा: आतून १०० मिमी रुंद, १५० मिमी लांब आणि ६ मिमी जाडीचा पाइप घेऊन त्याच्या वरच्या तोंडावर १० मिमीची प्लेट वेल्ड करायची आणि प्लेटच्या मधोमध बार जाईल एवढे भोक पाडायचे. बार वरून कडीत सोडायचा, डबा खालून चढवायचा. बारचे टोक डब्याच्या आत २५ मिमी उतरले पाहिजे. बारच्या त्या टोकात आडवे भोक पाडून त्यात कुलूप लावायचे. कुलूप डब्यात लोंबकळते, किल्लीचे तोंड खाली राहते, पावसाचे पाणी साचत नाही. कुलपाचा तळ पाइपच्या काठापासून ५० मिमी तरी आत हवा.

हा ५० मिमीचा आग्रह कशासाठी? पूर्वी चोर लांब दांड्यांचे, कात्रीसारखे कटर वापरायचे. हल्ली बॅटरीवर चालणारे हातग्राइंडर मिळतात. बाहेर दिसणारी १० मिमीची कुलपाची कडी त्याने मिनिटाभरात कापून होते. पण चार इंची चाकाचा मधला नट आणि फ्लँज वजा केला तर ते चाक फार तर ३० मिमी आत पोहोचते. कुलूप त्याहून खोल असेल तर चोराला आधी सहा मिमीचा पाइप कापावा लागतो. तो कापता येत नाही असे नाही. पण चाके झिजतात, ठिणग्या लांबवर दिसतात, कुत्री भुंकतात. दोन मिनिटांचे काम वीस मिनिटांवर जाते आणि शेजारी कुलूप नसलेली ट्रॉली उभी असेल तर चोर तिच्याकडे वळतो. (शेजाऱ्याला हे वाक्य आवडणार नाही, पण खरे तेच आहे.)

दोन खबरदाऱ्या. कडीला थेट वेल्डिंग करू नये. सगळ्या मालाची ओढ तिच्यावर असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पोलाद ठिसूळ होते आणि भरल्या ट्रॉलीची कडी चढाला तुटली तर मागच्यांचा जीव जातो. दुसरे, कुलपात ग्रीस भरू नये. धूळ चिकटून त्याचा गाळ होतो आणि ऐन हंगामात किल्ली फिरत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब महिन्यातून एकदा पुरतात.

मात्र कडी अडवली म्हणजे ट्रॉली अडली असे नाही. चारचाकी ट्रॉली दांडीला साखळी किंवा तारेचा दोर बांधून ओढता येते. दोनचाकी ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या हातांवर चढवून बांधतात. म्हणून चाकही अडवावे लागते. १० मिमीची साखळी चाकाच्या डिस्कच्या भोकातून घेऊन चॅसीच्या आडव्या चॅनेलवरून फिरवावी. साखळी ताणून, जमिनीपासून वर राहील अशी बांधावी. जमिनीवर लोळणाऱ्या साखळीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. हवेत असलेल्या साखळीवर तसा जोर लागत नाही. विजेच्या खांबाला ट्रॉली बांधू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

बिनपैशाचा उपाय म्हणजे ट्रॉली उभी करण्याची पद्धत. दांडी भिंतीकडे, मागचा फाळका रस्त्याकडे. दोन ट्रॉल्या असतील तर दांड्या समोरासमोर घेऊन दोन्ही कड्या एकाच साखळीत घ्याव्यात. मग मुंडके आत घालायला जागाच राहत नाही. रस्त्याकडे दांडी करून लावलेली ट्रॉली म्हणजे चोराला आमंत्रण. सकाळी जोडायला सोपे पडते म्हणून आपण तशी लावतो, आणि नेमके तेच चोरालाही सोपे पडते.

हंगाम संपल्यावर पाच-सहा महिने ट्रॉली उभीच राहणार असेल तर आमच्या मते एकच खात्रीचा उपाय आहे: चाके काढून घरात ठेवणे. कष्टाचे काम आहे, पण टायरही वाचतात. एकाच जागी भार सोसून आणि उन्हात राहून त्यांच्या बाजू तडकतात. रिकामी ट्रॉली सपाट जागी घ्यावी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. चाक उचलल्यावर नट खोलायला गेले की चाक नटासोबत फिरते आणि ट्रॉली जॅकवरून घसरते. १० टनी बाटली जॅक एक्सलखाली, पाट्यांच्या (कमानी स्प्रिंगच्या) बैठकीजवळ लावावा. काळ्या रानात जॅक आणि एक्सल टेकवायचे ठोकळे दोन्ही रुततात. खाली फूटभर लांबी-रुंदीच्या दोन इंची फळ्या हव्यातच. विटांवर एक्सल टेकवू नये. विटा उन्हाळ्यात टिकतात, मृगाच्या पावसात फुटतात. काढलेले नट त्याच स्टडवर हाताने परत बसवावेत, हबच्या तोंडाला ग्रीस लावून गोणपाट बांधावे. हंगामाला चाके चढवताना नट समोरासमोरचे आवळावेत आणि पहिली खेप टाकून आल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. ही दुसरी आवळणी विसरल्यामुळे निखळलेली चाके रस्त्याच्या कडेला आम्ही पुष्कळ पाहतो.

भर हंगामात नुसते टायर चोरीला जातात. प्रत्येक चाकाला एक नट वेगळ्या डोक्याचा, वेगळ्या पान्याचा लावला तर चोराचा वेळ जातो. पण नटाला वेल्डिंगचा टाका मारण्याचा उद्योग काहीजण करतात, तो करू नये. स्टडचा दम जातो, आणि पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्यात छन्नी-हातोडा घेऊन बसावे लागते. टायरच्या बाजूवर कोरलेला अनुक्रमांक आणि आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड वहीत लिहून ठेवावा. त्याला पैसे पडत नाहीत.

जीपीएसबद्दल लोक फार विचारतात. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून आत बॅटरी असलेलेच यंत्र लागते. ते दर मिनिटाला जागा कळवू लागले तर काही दिवसांत संपते, दिवसातून दोनदा कळवले तर महिनोन्‌महिने चालते. पण मग चोरी झाल्याचे बारा तासांनी कळते. हलवल्यावर जागे होणारे यंत्र घ्यावे. ते लोखंडी चॅनेलच्या पोटात लपवले तर सिग्नलच मिळत नाही. वर लोखंड नसेल अशी जागा शोधावी, मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिकच्या घरात किंवा फाळक्याच्या लाकडी फळीआड. आणि यंत्र निकामी ठरण्याचे नेहमीचे कारण तांत्रिक नसतेच. सिमचे रिचार्ज संपलेले असते.

आता मुख्य मुद्दा. वरचे सगळे उपाय चोराला उशीर करतात. चोरी परवडेनाशी व्हायची असेल तर चोरलेली ट्रॉली विकता येऊ नये. आज ती सहज विकता येते, कारण तिच्यावर कुणाचे नाव टिकत नाही. मालकाचे नाव, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, कारखान्याचा कोड, सगळे रंगात. चॅसी नंबर बऱ्याचदा दोन रिबिटांवर बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर. छन्नीचा एक फटका आणि पट्टी गेली.

नंबर लोखंडात ठोकलेला पाहिजे. मूळ चॅसी नंबरला हात लावायचा नाही. त्यात फेरफार करणे गुन्हा आहे. त्याशिवाय मालकाने आपली खूण, म्हणजे ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक किंवा मोबाइलचे शेवटचे सहा आकडे, ८ मिमीच्या अक्षरठोक्यांनी (टोकाला अक्षर वा आकडा असलेल्या पोलादी पंचांनी) चार-पाच जागी उमटवावी. एक जागा उघड, चॅसीच्या उजव्या लांब चॅनेलवर. बाकीच्या लपलेल्या: एक्सलच्या माथ्यावर पाट्यांच्या बैठकीलगत, चॅनेलच्या आतल्या बाजूला, चारचाकी असेल तर पुढच्या फिरत्या चक्राखाली, आणि दांडीच्या आतल्या तोंडाला. आधी रंग खरवडून लोखंड उघडे करावे, ठोका काटकोनात धरावा आणि किलोभराच्या हातोडीने एकच घाव घालावा. दुसरा घाव घातला की आकडा दुहेरी दिसतो, आठाचा तीन वाचला जातो. वर पातळ ग्रीस लावावे, जाड रंग नको.

ठोकूनच का, वेल्डिंगने आकडे काढून का नाही? वेल्डिंगचा आकडा पृष्ठभागावर बसलेला असतो, ग्राइंडर फिरवला की सपाट होतो. ठोकलेल्या आकड्याखालचे लोखंड मात्र खोलवर दाबले गेलेले असते. वरून घासून गुळगुळीत केले तरी न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो आकडा पुन्हा उमटवता येतो. चोराने फार खोल घासले तर चॅनेलला खळगा पडतो, आणि खळगा स्वतःच पुरावा असतो.

ट्रॉलीचे फोटो काढायचे तर फेटा बांधून तिच्यासमोर उभे राहून नव्हे. वेल्डिंगच्या शिवणीचे, कोपऱ्यातल्या तिकोनी पट्ट्यांचे, जुन्या डागडुजीचे, पाट्यांच्या संख्येचे फोटो जवळून काढावेत. प्रत्येक कारागिराचा टाका हस्ताक्षरासारखा वेगळा असतो. रंग बदललेली ट्रॉली ओळखायची तर फाळक्याची बिजागरी पाहावी. खिळा काढून फाळका उतरवला की बिजागरीच्या आतल्या वाटीत जुना रंग तसाच असतो, कारण तिथे फवारा पोहोचत नाही. चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यातही नखाने खरवडले की निळ्याखालून हिरवा निघतो. जुनी ट्रॉली विकत घेणाऱ्याने आधी हीच दोन ठिकाणे पाहावीत, मग आरसी बुक मागावे, त्यावर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. आरसी बुक ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेली स्वस्त ट्रॉली पोलीस घेऊन जातात, पैसे बुडतात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचे कलम लागले तर कोर्टाच्या फेऱ्या वेगळ्या.

नोंदणीबद्दल गावोगाव गैरसमज आहे की नोंदणी ट्रॅक्टरची असते, ट्रॉलीची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरला आहे. म्हणजे ट्रॉलीला स्वतःची नोंदणी लागते. कलम ६१ सांगते की ट्रॉलीचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर हवा. ही तरतूद चोरीच्या दृष्टीने मोलाची आहे. रात्रीच्या नाकाबंदीत बाजूवरचा आणि मागचा असे दोन क्रमांक मोबाइलवर तपासले तर जोडी कुणाची ते लगेच कळते. आज बहुतेक ट्रॉल्यांच्या बाजूवर गाण्याची ओळ असते, क्रमांक नसतो.

चोरी झालीच तर पहिला दिवस महत्त्वाचा. ११२ ला फोन करावा; गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल तर एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो. टोलनाके, पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्रे यांचे कॅमेरे पाहावेत. अनेक ठिकाणी चित्रीकरण आठ-पंधरा दिवसांत पुसले जाते. फिर्याद देताना ‘नोंदणी नाही, मग तक्रार कशी घेणार’ असे उत्तर मिळाले तर मागे हटू नये. चोरी ताब्यातून होते, नोंदणीतून नव्हे. बांधणीचे बिल, कर्जाची कागदपत्रे आणि फोटो दाखवावेत. नोंदणी नसल्याचा दंड वेगळा, चोरीची फिर्याद वेगळी. फिर्यादीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ सोबत कलम ३०५ चा विचार व्हावा, अशी लेखी विनंती करावी. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मालवाहतुकीच्या साधनाच्या चोरीला ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत. सापडलेली ट्रॉली खटला संपेपर्यंत ठाण्यात गंजत ठेवावी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली ताबा मागता येतो. तेव्हा न्यायालय विचारते, तुमचीच कशावरून? आणि आपण पुन्हा त्या ठोकलेल्या नंबरापाशी येतो.

विम्याचे एका वाक्यात: पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आणि वेगळी किंमत लिहिलेली नसेल तर दाव्याच्या वेळी हात हलवत परत यावे लागते, आणि असेल तरी चोर न सापडल्यास न्यायालयाने मंजूर केलेली ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल) मागतात, तिचा पाठपुरावा आपणच करायचा असतो.

शेवटी एक मागणी, साखर आयुक्तालयाकडे आणि कारखान्यांकडे. ऊसपट्ट्यात चोरलेली ट्रॉली भंगारात गेली नाही तर ती उसाखालीच येते, आणि उसाखाली आलेली प्रत्येक ट्रॉली कुठल्या तरी कारखान्याच्या वजनकाट्यावर येते. पोलिसांना शंभर रस्ते पाहावे लागतात. काटा मात्र एकच असतो. वाहतूक करारात ट्रॅक्टरच्या आरसीसोबत प्रत्येक ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक आणि चॅसी नंबर यांचा रकाना असावा, आणि गाडी कोड देण्याआधी शेतकी खात्याच्या माणसाने तो नंबर चॅसीवर प्रत्यक्ष पाहून सही करावी. ज्यांच्या ट्रॉल्यांना नंबरच नाहीत त्यांच्यासाठी हंगामाआधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आरटीओने कारखान्याच्या गाडीतळावरच नोंदणीचे शिबिर घ्यावे. ट्रॉल्या तेव्हा रिकाम्याच असतात. लपलेल्या जागी खुणा ठोकून द्यायला तालुक्यातले कारागीर ठोके आणि हातोडी घेऊन येतील. एका ट्रॉलीला अर्धा तास लागतो.

आपले,
ट्रॉली बांधणी व दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
वाळवा तालुका, जि. सांगली